दाखला हातात दिला की शिस्त लागते?
मारामारी केलेल्या पोराचा दाखला हातात देऊन मोकळं व्हावं, असं इथं कुणीतरी लिहिलंय, ते मत मला अजिबात पटलं नाही. आठवीपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई २००९) कलम १६ आहे ते, पण शाळा काय करतात तर पालकांना बोलावून "तुम्हीच अर्ज द्या" म्हणतात आणि दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात असं काही लिहितात की पुढची शाळा दारातूनच परत पाठवते.

आमच्या ओळखीतला नववीतला मुलगा भांडणाच्या केसमध्ये बाल न्याय मंडळासमोर (अठरा वर्षांखालच्या मुलांच्या केसेस तिथे चालतात) गेला, काही आठवडे निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, तेवढ्यात सहामाही बुडली, परत आला तर शाळा म्हणाली १७ नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे ना वर्ग ना मित्र, घरी बसून दहावी! कायदा तर म्हणतो की या केसमुळे मुलाला कुठलीही अपात्रता लागत नाही, केस चालू असो वा संपलेली, चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ते रेकॉर्ड उघडही करायचं नाही (बाल न्याय कायदा म्हणजे जेजे अ‍ॅक्ट २०१५, कलम २४ आणि ७४). अपात्रतेच्या बाबतीत अपवाद फक्त सोळा वर्षं पूर्ण झालेल्या, अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्या मुलांचा.

शाळा अडवत असेल तर तोंडी ऐकून घेऊ नका, नकार लेखी मागा आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या, वर्ष वाया जायच्या आत.