'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' वकिलीला मराठीत काय म्हणाल?

जाईजुई: न्यू जर्सीत आश्रय मागणाऱ्यांच्या एका वकिलांकडे मी हिंदीची दुभाषी म्हणून बसते. त्यांच्या 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' वकिलीवर, म्हणजे छळ सोसलेल्या माणसाच्या मनाला सांभाळून घेत केलेल्या कामावर, दिवाळी अंकासाठी लेख दिला. संपादकांनी 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड'चं सगळीकडे 'मानसिक धक्क्याची माहिती असलेली' करून टाकलं. मॅच हरली तरी पेपरात 'धक्का'च असतो हो. दुसरं काही सुचवा.

सह्यकडा: 'आघात' आहे की. आघातसजग वकिली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखम, तोही यात येतो.

ओसरी: 'आघातसजग' कोण बोलतं? आमच्या कोल्हापुरात 'धसका घेतलाय' म्हणतात. पंचगंगेचं पाणी ओसरून वर्ष झालं, तरी पत्र्यावर सरी वाजल्या की आजी पोती माळ्यावर चढवायला लावायची. ट्रॉमा म्हणजे हेच ना?

जाईजुई: ओसरी, अगदी हेच. पण धसका परीक्षेचाही घेतात, म्हणजे पुढचा. आणि १९५१ च्या निर्वासित करारात छळाची 'साधार भीती' हा वेगळाच मुद्दा आहे. धसका म्हटलं की झालेलं आणि होणारं एकात मिसळतं.

खरी अडचण 'इन्फॉर्म्ड'ची. एका बाईंना हल्ल्याची तारीख विचारली. त्या म्हणाल्या, "गेहूँ की कटाई चल रही थी." वकिलांनी तगादा लावला नाही. दार दिसेल अशी खुर्ची दिली, त्या दिवशी फक्त गावाबद्दल बोलले, आय-५८९ या आश्रयाच्या अर्जात 'एप्रिलच्या सुमारास' लिहिलं. रेटून तारीख वदवली असती आणि साक्षीत महिना बदलला असता तर? अमेरिकेतल्या २००५ च्या रिअल आयडी कायद्यामुळे किरकोळ विसंगतीवरूनही न्यायाधीश अविश्वास दाखवू शकतात. याला 'माहिती' कसं म्हणू?

पागोळी: मग 'भान' घ्या. जखमेचं भान ठेवून केलेली वकिली.

सह्यकडा: ही व्याख्या झाली. संज्ञा आटोपशीर हवी.

पागोळी: आटोपशीर असून कळली नाही तर काय उपयोग?

काळाकोट: ट्रॉमाच ठेवा म्हणणार होतो, पण आपल्याकडे 'ट्रॉमा सेंटर' म्हटलं की अपघातच आठवतो. शब्द जपून निवडा, कारण अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने, पोचल्यापासून वर्षाच्या आत आश्रयाचा अर्ज करावा लागतो, आणि छळाच्या परिणामांमुळे उशीर झाला तर सवलत मागता येते. 'धक्का बसला म्हणून उशीर' वाचून कोणाला पटेल?

ओसरी: लेखात 'शरणार्थी' तर नाही ना लिहिलं? मराठीत शरण जाणं म्हणजे हार पत्करणं.

सिंधूकाठ: आमच्या उल्हासनगरात, जुन्या कल्याण कॅम्पात, फाळणीनंतर सिंधमधून आलेली म्हातारी माणसं 'शरणार्थी' म्हटलं की चिडायची. "पुरुषार्थी म्हणा," म्हणायची.

सह्यकडा: म्हणून 'निर्वासित' बरा. घालवून दिलेला.

सिंधूकाठ: तोही टोचायचा. घर गेलं ते एकदा, आणि शब्द जन्मभर.

जाईजुई: मी 'आश्रयार्थी' लिहिलंय. पण 'भान'चं काय करू? प्रूफं शुक्रवारी परत द्यायची आहेत.

ओसरी: 'आश्रयार्थी'त 'आश्रित' ऐकू येतं मला. सिंधूकाठ, तुमच्याकडे घरात काय म्हणत?