शब्दचर्चा: जुना बँड अजून ‘रेलेव्हंट’ आहे, हे मराठीत कसं म्हणाल?

जुनी_कॅसेट

मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. १७ मे २०२५ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस या अमेरिकी रॉक बँडचा कार्यक्रम झाला, त्याला लेकीला घेऊन गेलो होतो. परतताना लोकलमध्ये तिनं विचारलं, “बाबा, यांनी इतक्या वर्षांत नवं काही केलंच नाही, मग हे अजून रेलेव्हंट कसे?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्या एका शब्दाला मराठी शब्दच सापडेना. शब्द नाही म्हणून उत्तरही पुढे सरकेना.

तिचं म्हणणं खोटं नाही. गायक ॲक्सल रोझ, गिटारवाला स्लॅश आणि बेसवाला डफ मकॅगन या तिघांनी मिळून स्वतःच्या गाण्यांचे शेवटचे अल्बम काढले ते १९९१मध्ये. १९९३चा अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा. २००८मध्ये एक आला, पण तेव्हा स्लॅश आणि डफ बँडमध्ये नव्हते. (२०१२च्या डिसेंबरात बँड मुंबईत आला होता तोही स्लॅशविना, म्हणून मी गेलो नव्हतो.) दोघं परतले २०१६ला. त्यानंतर रेसकोर्सवर उभे राहीपर्यंत सुटी तीन-चार गाणी, अल्बम नाही. तरीही २०१६ ते २०१९च्या दौऱ्यात ५८ कोटी डॉलरांहून जास्त तिकीटविक्री झाली.

कोश उघडला तर संबद्ध, सुसंगत, समर्पक, प्रस्तुत, प्रासंगिक अशी रांग. पुराव्याला संबद्ध म्हणता येईल, उदाहरणाला समर्पक. पण मे महिन्याच्या घामात हजारो माणसं ज्यांच्यासाठी उभी आहेत, त्यांना यातलं काय म्हणू?

शब्दवेडी

‘प्रासंगिक’ तेवढा नको. हिंदीत तो रेलेव्हंट या अर्थानं रुळलाय आणि हल्ली आपली वर्तमानपत्रंही तसाच उचलतात. मराठीत प्रासंगिक म्हणजे प्रसंगानिमित्त केलेलं, प्रसंगापुरतं. प्रासंगिक लेख, प्रासंगिक कविता. तुम्हाला हवाय त्याच्या जवळपास उलटा अर्थ.

‘प्रस्तुत’ मला फार आवडतो आणि आपण तो वाया घालवलाय. ‘प्रस्तुत लेखक’ एवढ्यावर तो येऊन थांबलाय. पण त्याचं नकारार्थी भावंड धडधाकट आहे: ‘हा मुद्दा इथे अप्रस्तुत आहे’ असं आपण सहज म्हणतो. कालबाह्यचंही तेच. कालबाह्य सगळ्यांच्या तोंडी असतो, पण कालबाह्य न झालेल्याला बोलीत शब्द नाही. ‘कालसुसंगत’ अहवालात शोभतो, गाण्याबद्दल बोलताना जिभेवर येत नाही.

अलंकारशास्त्रात मात्र ‘अप्रस्तुतप्रशंसा’ आहे. शाळेत आपण तिला अन्योक्ती म्हणून शिकलो. बोलायचं एकाबद्दल, पोचायचं दुसऱ्याला. लेकी बोले सुने लागे. जुन्या बँडचा कार्यक्रम मला तसा वाटतो. ते १९८७चं गाणं गात असतात, ऐकणारा आपलं आजचं काहीतरी ऐकत असतो. गाणं अप्रस्तुत, अर्थ प्रस्तुत.

ठाणेकर

विशेषण कशाला शोधताय, क्रियापद घ्या. चालतात. वाजतात. भिडतात. लेकीला सांगा, अजून भिडतात.

जुनी_कॅसेट

दादा, ‘भिडतात’ पटलं. पण मला ते भिडतात त्यात माझं वयच जास्त असेल. त्यांचा पहिला अल्बम मी अकरावीत मित्राच्या कॅसेटवरून उतरवून घेतला होता, तोही अर्धा, कारण साठ मिनिटांच्या रिकाम्या कॅसेटवर आधीच दुसरं काहीतरी होतं. ती अर्धवट बाजू, तो मित्र, ते घर, सगळं त्या आवाजाला चिकटलेलं आहे. समीक्षेत ‘स्मरणरंजन’ म्हणतात ते हेच असणार. लेकीजवळ यातलं काहीच नाही. तरी एका गाण्यात ती माझ्याआधी शब्द म्हणत होती. मला तिच्याबद्दलचा शब्द हवाय.

पानसुपारी

शब्द आपल्या बोलण्यात आहेच: चलनी नाणं. ‘तो सध्याचं चलनी नाणं आहे’ असं आपण नटाबद्दल म्हणतो, खेळाडूबद्दल म्हणतो.

पण आमच्या आजीकडे नाण्याची आणखी एक परीक्षा होती. तिच्या डब्यात काही राणीछाप रुपये होते. ती एखादा काढून शहाबादी फरशीवर टाकायची. चांदीचा असेल तर आवाज लांबत जायचा, खोटा असेल तर बद्द वाजायचा. व्हिक्टोरिया राणीचा तो रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांतले अकरा भाग चांदी. आज वाणी तो घेणार नाही, सोनार घेईल. म्हणजे चलनी नाही, पण खणखणीत आहे. उलट, खिशातली नोट चलनी आहे आणि ती फरशीवर टाकली तर काहीच वाजत नाही.

इंग्रजीतल्या ‘रेलेव्हंट’मध्ये या दोन गोष्टींची गल्लत झालीय असं माझं मत आहे. ५८ कोटी डॉलर हा चलनी असल्याचा पुरावा झाला. खणखणीत आहे की नाही ते आकड्यावरून कळायचं नाही, नाणं वाजवून घ्यावं लागतं. आणि एकदा वाजवून भागत नाही.

ब्रेबर्न_२००३

टोपणनावावरून कळलंच असेल. ७ एप्रिल २००३ला रोलिंग स्टोन्स ब्रेबर्न स्टेडियमवर वाजवत होते आणि मी तिथे होतो. बँड १९६२चा. “म्हाताऱ्यांना बघायला कशाला जातोस?” असं मला तेव्हाच विचारलं गेलं होतं.

२००५ला त्यांचा नव्या गाण्यांचा अल्बम आला. त्यानंतरचा आला २० ऑक्टोबर २०२३ला. मध्ये अठरा वर्षं, त्यात २०१६चा एक अल्बम, तोही जुन्या ब्लूज गाण्यांचा. या अठरा वर्षांत त्यांची मैदानं ओस पडली नाहीत. मग त्यांच्या ऐंशी वर्षांच्या गायकाला, मिक जॅगरला, नवा अल्बम काढायचं काय अडलं होतं?

माझे वडील दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जात. पेन्शन चालू राहायची तर नुसतं जिवंत असून भागत नाही, तसं सही करून कळवावं लागतं. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना जिना उतरवत नव्हता, तरी ते इस्त्रीचा सदरा घालून जात. पैशांसाठी तर होतंच, पण बँकेतल्या माणसानं मान वर करून आपल्याकडे बघावं हेही त्यात होतं असं मला आता वाटतं. २०२३चा अल्बम ऐकताना मला तो सदरा आठवला.

ड्रमर चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ला गेला, ८० वर्षांचा होता. त्या अल्बमातल्या दोन गाण्यांवर त्याचे ड्रम आहेत. ती दोन मी इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळा ऐकली.

म्हणून माझा शब्द ‘हयात’. बँड हयात आहे. आणि नवीन गाणं म्हणजे हयातीचा दाखला.

शब्दवेडी

दादा, वडिलांचं वाचून थांबले थोडा वेळ.

‘हयात’ अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला आणि इतका आपला झाला की ‘उभी हयात घालवली’ म्हणताना परका वाटत नाही. पण एक शंका. दाखला मागतं कोण? पेन्शनच्या बाबतीत बँक मागते. स्टोन्सच्या बाबतीत श्रोते मागत नव्हते, ते जुन्या गाण्यांवर खूश होते. मग तो दाखला त्यांनी स्वतःलाच दिला असणार. तुमचा शब्द वादक मंडळींना लागू पडतो. लेकीच्या प्रश्नाला, म्हणजे ऐकणाऱ्याच्या बाजूला, मला अजून ‘खणखणीत’च जवळचा वाटतोय.

सॅनहोजेकर

इथे कॅलिफोर्नियात या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे: ग्रेटफुल डेड. १९६५ला याच भागात सुरू झालेला बँड. तीस वर्षांत दोन हजारांहून जास्त कार्यक्रम, आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोचलेलं गाणं फक्त एक, तेही १९८७ला. स्टुडिओतला शेवटचा अल्बम १९८९चा. बँडचा गायक-गिटारवाला जेरी गार्सिया १९९५ला गेला. राहिलेल्यांतल्या काहींनी २०१५ला गिटारवाल्या जॉन मेयरला घेऊन डेड अँड कंपनी काढली. या कंपनीनं स्टुडिओत एकही अल्बम केलेला नाही. तरी २०२४ला लास व्हेगासच्या स्फिअर सभागृहात तीस कार्यक्रम, आणि ऑगस्ट २०२५ला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये डेडला साठ वर्षं झाली म्हणून तीन दिवस कार्यक्रम. मी एक दिवस गेलो. माझ्या पुढच्या चटईवर आजी, मुलगी आणि नात होत्या, आणि तिघींना शब्द पाठ.

कारण असं, की आज कोणतं गाणं येणार आणि ते आज किती लांबणार, हे आधी कळत नाही. एकच गाणं कधी आठ मिनिटांचं, कधी वीस. म्हणून तर लोक टेप करून घ्यायचे, आणि बँडनं १९८४पासून टेपवाल्यांना मैदानात वेगळी जागाच दिली. ‘तेच गाणं’ असं ते मानत नाहीत. ८ मे १९७७चं कॉर्नेल विद्यापीठातलं वेगळं आणि दुसऱ्या रात्रीचं वेगळं.

यात आपलाही धागा आहे, आणि तो खरा आहे. डेडचा ड्रमर मिकी हार्ट आणि माहीमचे झाकिर हुसेन यांची दोस्ती सत्तरच्या दशकातली. १९७६च्या ‘दिगा’ अल्बमात दोघं एकत्र आहेत, आणि त्यातल्या एका वाद्यरचनेचं पुढे डेडच्या एका मोठ्या गाण्यात रूपांतर झालं.

बैठक

सॅनहोजेकरांनी माझं काम सोपं केलं. चर्चा ‘रेलेव्हंट’वर चाललीय, पण मला गोम ‘गाणं’ या शब्दात दिसते.

मराठीत गाणं दोन आहेत. एक, ज्याचं अनेकवचन होतं: दोन गाणी, दहा गाणी. दुसरं, ज्याचं होत नाही: ‘आज बाईंचं गाणं रंगलं’, ‘मी गाणं शिकते’, ‘रात्री गाण्याला गेलो होतो’. ख्याल गाणाऱ्याला कोणी विचारत नाही, तुम्ही यंदा नवी चीज कोणती आणली. तोच यमन, तीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली बंदिश. तरी शिळं झालं तर पहिल्या दहा मिनिटांत बैठकीला कळतं. चीज जुनी आणि गाणं ताजं, हे आपल्याला रोजचं आहे.

संगीत नाटकातला वन्समोअर आठवा. रॉकमधला एन्कोर म्हणजे जाऊन परत येणं आणि राखून ठेवलेलं पुढचं गाणं वाजवणं, ते बहुतेकदा आधीच ठरलेलं असतं. वन्समोअरला तेच पद पुन्हा मागायचे. ‘सौभद्र’ १८८२चं, लोकांना पदं पाठ असायची, तरी मागायचे, कारण दुसऱ्या खेपेला गळा कुठून फिरतो ते ऐकायचं असायचं.

जुनी_कॅसेट, तुमच्या मुलीनं पहिल्या अर्थानं विचारलं: नवी गाणी कुठे आहेत? तिला दुसऱ्या अर्थानं विचारून बघा: त्या रात्रीचं गाणं नवं होतं का?

ठाणेकर

बैठक, मान्य, पण रॉकला हे जसंच्या तसं लावू नका. आम्हाला गिटारचा सोलो रेकॉर्डवर आहे तसाच हवा असतो. एक सूर इकडचा तिकडे झाला की कपाळाला आठ्या. डेड हा अपवाद आहे.

बैठक

खरं आहे. म्हणूनच बहुतेक जुन्या बँडना नवी गाणी करावी लागतात असं मला वाटतं. जुन्यात हलायला जागा श्रोत्यांनीच ठेवलेली नसते.

पानसुपारी

मग किसचं काय करायचं? १९७३चा बँड. शेवटचा अल्बम २०१२चा. २ डिसेंबर २०२३ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटचा कार्यक्रम केला, आणि तो संपतासंपताच पडद्यावर संगणकानं घडवलेले चौघे आले. यापुढे आमचे ‘अवतार’ वाजवतील, असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी गाण्यांचे हक्क, नाव, तोंडावरची रंगरंगोटी, सगळं एका स्वीडिश कंपनीला विकलं.

शब्दवेडी

इथे मला शब्दाची काळजी वाटते. अवतार म्हणजे उतरणं. वरचा खाली येतो, देह धारण करतो, भूक, जखम, मरण सगळं पत्करतो, आणि काम झालं की ‘अवतारकार्य संपलं’ म्हणतात. किसनं देह खाली ठेवला आणि वर पडद्यावर चढले. ही वाट अवताराच्या बरोबर उलट आहे. माझ्या मनात त्यासाठी ‘मुखवटा’ येतो, देवीच्या जत्रेतला नव्हे, नाटकातला.

आणि तो पडदा वाजवून घेता येणार नाही. तो रोज रात्री सारखाच वाजेल. बद्द वाजण्याची शक्यता ज्याला नाही, त्याला खणखणीत कसं म्हणायचं?

जुनी_कॅसेट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हा धागा मी घरात मोठ्यानं वाचतोय.

बैठक यांनी सांगितलं तसं लेकीला विचारलं: त्या रात्रीचं गाणं नवं होतं का? तिनं आधी ‘बद्द’ म्हणजे काय ते विचारलं. आमच्याकडे राणीछाप रुपया नाही, म्हणून तांब्याचं भांडं आणि स्टीलचं भांडं वाजवून दाखवलं. मग म्हणाली, “ॲक्सल काही ठिकाणी वर जायच्या आधी थांबत होता, ते ऐकू येत होतं. पण ते थांबणं रेकॉर्डवर नाहीये.”

हे खणखणीत की बद्द, ते तिनं सांगितलं नाही. काल रात्री तिच्या खोलीतून एकच गाणं दोनदा ऐकू आलं. एक १९९२च्या दौऱ्यातलं, एक तिनं रेसकोर्सवर फोनवर घेतलेलं, ज्यात मध्ये मध्ये माझाच आवाज आहे. स्लॅशच्या सोलोपाशी ती मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. मी दार लोटून घेतलं.