ससा गवत खात नसेल तर गवताची जागा बघा

ससा गवत खात नाही, काय करावं, या प्रश्नावर कुणीतरी 'पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) बंद करा, भूक लागली की गवत खाईलच' असा सल्ला दिलाय; तो सशाला लागू नाही. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर त्याचं आतडं मंदावतं, मग डॉक्टरकडे धावाधाव. पेलेट हळूहळू कमी करा, ते ठीक.

गवत कुठे ठेवायचं, त्या जागेबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. सशांना शी करता करता चरायची सवय असते. आम्ही वाळल्या गवताची जुडी शीच्या ट्रेच्या टोकाला, तोंडाशी येईल अशी बांधली आणि खाणं वाढलं. पुण्याच्या पावसाळ्यात गवत दमटतं. वास गेला की आमची ठकी ढुंकूनही बघत नाही. बुरशी दिसली तर फेकाच. आणि गोठ्यावरचा लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार.