गॅरेजच्या आतल्या भिंती आणि सिलिंग कशाने करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागरजवळ, समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. घरालगत चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं गॅरेज आहे. बाहेरून गिलावा झालाय, आत मात्र जांभा उघडाच. वर लोखंडी अँगलवर पत्रे. गाडीसोबत बाबांचं सुतारकामाचं सामानही तिथेच ठेवायचंय, म्हणून आतून नीट करून घ्यायचंय.

अडचण ओलीची. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पश्चिमेकडची भिंत जमिनीपासून गुडघाभर काळपट होते, हात लावला तर तांबडी माती बोटांना येते. गवंडी म्हणतो सिमेंटचा गिलावा करून वर पुट्टी मारा. मला भीती वाटते की ओल आतच कोंडेल आणि पुट्टीचे पोपडे सुटतील. त्यापेक्षा चुन्याचा गिलावा बरा, असं माझं मत. पण तो नीट करणारा कारागीर आता आमच्याकडे मिळेल का? गुहागर-चिपळूणकडे कोणी माहितीत आहे का?

सिलिंगला जिप्सम नकोच, ओल धरून फुगतं. फायबर सिमेंट बोर्ड की पीव्हीसी पॅनेल, यात अडलोय. प्लायवूड वाळवीमुळे बाद. पत्र्याखाली सकाळी घाम सुटून थेंब पडतात, तेव्हा मध्ये हवा खेळायला किती जागा सोडावी? खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचेच वापरणार आहे.

किनाऱ्यालगत असं काम करून दोन-तीन पावसाळे काढलेल्यांनी जरूर सांगा, जमलं तर फोटोही टाका. दिवाळीनंतर भिंती सुकल्या की काम काढायचंय.