मदत हवी आहे: आयटीपी असलेल्या भाच्याची पाठ दुखतेय, शेक द्यावा का?

गुहागरकर_मामा: भाच्याची पाठ रात्रीपासून ठणकतेय. आयटीपी (प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी पडण्याचा आजार) आहे, गोळ्या चालू. इथले डॉक्टर म्हणाले लचक असेल, बाम चोळा. काल आंब्याच्या कलमावरून उतरताना घसरला, पण पडला नाही. शेक द्यावा का? लवकर सांगा, रविवार आहे.

सुपारीबाग: वय? प्लेटलेट किती? गोळ्या कुठल्या? काहीच लिहिलं नाहीत.

रानमाणूस: चुलत्यांना डेंग्यूत १८ हजारांवर आल्या होत्या. पपईच्या कोवळ्या पानांचा रस दोन चमचे. लाखावर गेल्या.

नर्सताई_चिपळूण: डेंग्यूत ताप उतरला की त्या आपोआप चढतात, नाव पपईचं. आयटीपीत शरीरच स्वतःच्या प्लेटलेट मारतं. मामा, मूल चालतंय का? लघवी कधी झाली?

गुहागरकर_मामा: वय ७. गुरुवारी ९,००० होत्या. प्रेडनिसोलोन, स्टेरॉइडची गोळी. पाय जड झालेत म्हणतो, उभा राहत नाही. लघवी सकाळपासून नाही, पण पाणीही कुठे प्यायलाय. शेकाचं कोणी सांगेल का?

नर्सताई_चिपळूण: शेक नको, बाम नको, मालिश तर नकोच. ही लचक नव्हे. मणक्याच्या आत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जात असेल. फार क्वचित होतं, म्हणून पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. एमआरआय आजच, आत्ता. दाब काढायचा तर तासांचा हिशेब असतो. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कमरेत इंजेक्शन घेऊ देऊ नका. आडवा झोपवूनच न्या. ऑपरेशन लागू शकतं, खायला काही नको.

देवगड_हापूस: आधी प्लेटलेटची पिशवी शोधा ना!

नर्सताई_चिपळूण: नुसत्या चढवल्या तर त्याही मारल्या जातात. अशा वेळी आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटिबॉडी) आणि शिरेतून स्टेरॉइड सोबत देतात. न्यूरोसर्जन आणि रक्तपेढी एकाच ठिकाणी असेल तिथे जा.

घाटवाट: कुंभार्ली घाटाने कराड गाठा. मुंबईचा हायवे म्हणजे जन्मठेप.

परळकर: हायवेला नावं ठेवायची फॅशनच झालीय. मुंबईचं वाडिया हॉस्पिटल खास मुलांचं आहे, तिकडेच न्या.

घाटवाट: माणगावात अडकून बघा एकदा, मग बोला.

नर्सताई_चिपळूण: तुमचा हायवे दुसऱ्या धाग्यावर न्या. मामा, १०८ लावा. निघण्याआधी फोन करून एमआरआय मशीन चालू आहे का आणि न्यूरोसर्जन हजर आहे का, विचारा.

सुपारीबाग: आमच्या मुलीचं सहा महिन्यांत आपोआप बरं झालं. बहुतेक मुलांचं होतं. उगाच घाबरवू नका.

नर्सताई_चिपळूण: प्लेटलेटचं होतं, खरंय. पाय जड झाल्यावर सहा महिने थांबणार का?

गुहागरकर_मामा: १०८ आली. चिमटा काढला तर उजव्या पायाला कळतं, डाव्याला जेमतेम. कराडला बोललो, न्यूरोसर्जन थांबतायत. निघतोय.

नर्सताई_चिपळूण: हे वेळेसकट कागदावर लिहा आणि तिथे पोचताच दाखवा. फाइल आणि गोळ्या सोबत घ्या.

रानमाणूस: पानं नर पपईची घ्यायची.