दंतवैद्यक करायचे असेल, तर अमेरिकेत पदवीला विषय कोणता घ्यावा?

रारितनकाठ :
आमची कन्या न्यू जर्सीत बारावीत आहे. डेंटिस्ट व्हायचे तिने पक्के केले आहे आणि ओळखीतला प्रत्येक जण ‘मग बायॉलॉजीच घ्या’ असे सांगून मोकळा होतो. मला हे पटत नाही. भारतात बारावीनंतर नीट देऊन थेट बीडीएसला जाता येते. इथे आधी कॉलेज आणि मग बहुधा चार वर्षांचे डेंटल स्कूल, आणि कॉलेजात मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कोणते होते याला प्रवेश समित्या फारसे महत्त्व देत नाहीत. बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, बहुतेक ठिकाणी फिजिक्स व बायोकेमिस्ट्री, एवढे विषय झालेले असावेत आणि डॅट या डेंटल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचे गुण चांगले असावेत, इतकीच मुख्य अट असते. हे सगळे सांभाळून तिने अर्थशास्त्रात पदवी घेतली, तर बिघडले कुठे? जागा मिळाली नाही तर हाताशी काहीतरी राहील, आणि मिळालीच तर पुढे स्वतःचे क्लिनिक चालवताना ताळेबंद तरी वाचता येईल.

दाढदुखी :
मी ओहायोत प्रॅक्टिस करते, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. मेजरची अट नाही, हे खरे. पण केंद्रीय अर्जप्रणालीत विज्ञानाच्या विषयांची सरासरी वेगळी काढली जाते, हे आपण लक्षात घेतलेले दिसत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीचे विज्ञानाचे विषय मोजकेच असतात, त्यामुळे ऑरगॅनिकमध्ये एक ‘सी’ पडला की ती सरासरी चांगलीच खाली येते. बायॉलॉजीवालीकडे तो धक्का भरून काढायला पुढची दोन वर्षे असतात. विषय पुन्हा घेतला तरी जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरल्या जातात. शिवाय डेंटल स्कूलच्या पहिल्या वर्षी शरीररचना, हिस्टॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचा अभ्यास) आणि बायोकेमिस्ट्री एकदम अंगावर येतात. हिस्टॉलॉजीची स्लाइड आयुष्यात प्रथमच पाहणारे माझ्या वर्गातही होते. ते उत्तीर्ण झाले, पण त्यांचे पहिले सत्र कसे गेले ते मी पाहिले आहे.

रारितनकाठ :
सरासरीचा मुद्दा मान्य, पण तो उलटाही फिरतो. बायॉलॉजीचे वरच्या वर्गातले विषय काही फुकट ‘ए’ देत नाहीत. तिथे मेडिकलला जाऊ पाहणारी निम्मी फौज शेजारी बसलेली असते. आणि डॅटमधल्या आकृतींच्या आकलनाच्या भागाचे काय? घड्या घातलेल्या कागदाला भोक पाडले तर उलगडल्यावर भोके कुठे दिसतील, चार कोन लहानापासून मोठ्यापर्यंत कोणत्या क्रमाने लागतील, असे 90 प्रश्न 60 मिनिटांत सोडवायचे. हे कोणत्याही मेजरमध्ये शिकवत नाहीत.

सातवर्षी :
आपण दोघेही एक वाट विसरत आहात. फिलाडेल्फियात टेंपल विद्यापीठात तीन अधिक चार वर्षांचा जोडअभ्यासक्रम आहे. डेंटल स्कूलचे पहिले वर्ष हेच कॉलेजचे चौथे धरले जाते. एक वर्षाची फी वाचते आणि कमाई एक वर्ष आधी सुरू होते. ज्या मुलीचे मन पक्के आहे, तिने मेजरचा काथ्याकूट कशाला करावा?

हिशेबनीस :
मन पक्के आहे, हे अठराव्या वर्षी कोण ठरवणार? अशा अभ्यासक्रमांत सरासरी आणि डॅटच्या ठरलेल्या पातळीखाली गेले की राखलेली जागा जाते, आणि तीन वर्षांत सगळे कोंबल्यामुळे दंतवैद्याच्या दवाखान्यात शंभरएक तास बसून काम पाहायलाही सवड उरत नाही. मला मात्र मेजरपेक्षा पैशाची चिंता अधिक वाटते. काही खासगी डेंटल स्कूलांचा चार वर्षांचा एकूण खर्च पाच लाख डॉलरच्या वर गेला आहे, आणि 2025 च्या कायद्यानुसार 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना अशा व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्ज वर्षाला 50 हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच मिळणार. उरलेली रक्कम खासगी कर्जातून किंवा आईबापांच्या खिशातून. अशा वेळी पदवीसाठीच नामांकित खासगी कॉलेजात दोन-अडीच लाख घालणे मला शहाणपणाचे वाटत नाही, मग मेजर बायॉलॉजी असो वा संस्कृत.

पुणेरीडेंटल :
मग सरळ एनआरआय कोट्यातून बीडीएस करून परत का येऊ नये?

दाढदुखी :
कारण परत आल्यावर इथल्या डेंटल स्कूलात पुन्हा दोन-तीन वर्षे शिकावे लागते, त्या जागांसाठी जगभरचे दंतवैद्य रांगेत असतात आणि ती फीही लहान नसते. हिशेबनीस यांच्याशी मात्र मी सहमत आहे: राज्य विद्यापीठच घ्यावे. फक्त तिथे गेल्यावर, रारितनकाठ, पहिल्या वर्षी तिला जनरल केमिस्ट्री आणि बायॉलॉजी दोन्ही घेऊ द्या आणि मेजर दुसऱ्या वर्षी जाहीर करू द्या.

रारितनकाठ :
तसे करायला माझी हरकत नाही, पण त्या वर्षात अर्थशास्त्राचा एक तरी विषय असेल, एवढे मी तिला सांगणारच.