बोलीवरून छळ होणाऱ्या सातवीतल्या मुलाला मदत कशी करावी?

नमस्कार. मी पिंपरी-चिंचवडमधील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. यंदा जूनमध्ये माझ्या वर्गात लातूर जिल्ह्यातून एक मुलगा आला. पहिल्याच आठवड्यात ‘काय करतोयस रे?’ असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘बाई, मी लिहायलोय.’ वर्ग हसला, आणि सांगताना वाईट वाटते, पण मीही हसले. त्या दिवसापासून त्याचे नाव ‘लिहायलो’ पडले.

आता हे चिडवण्यापुरते राहिलेले नाही. त्याचे दप्तर लपवले जाते, खेळाच्या तासाला त्याला कोणी गटात घेत नाही, आणि मधल्या सुट्टीत तो नळापाशी उभ्याउभ्याच डबा संपवतो. मी नाव घेऊन प्रश्न विचारला की तो आधी मागच्या बाकांकडे पाहतो आणि मग क्रियापद येणारच नाही अशा बेताने एका शब्दात उत्तर देतो.

मी आधी सगळ्या वर्गाला रागावले. त्यामुळे वर्गातला त्रास थांबला, पण शाळा सुटल्यावर रस्त्यात सुरू झाला. मग यात पुढे असणाऱ्या दोन मुलांना आणि त्याला समोरासमोर उभे करून मी हात मिळवायला लावले. तेही चुकलेच, असे आता वाटते. हेतुपुरस्सर त्रास, त्याची पुनरावृत्ती आणि बळाची विषमता ही छळाची तीन लक्षणे नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी सांगितली आहेत. ती तिन्ही येथे असताना मी या प्रकाराला भांडण समजून समेट घडवायला गेले, आणि माघार मात्र त्या एकट्यालाच घ्यावी लागली.

माझा मुख्य प्रश्न उरलेल्या चाळीसएक मुलांविषयी आहे. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या ‘किवा’ या छळविरोधी शालेय कार्यक्रमात छळ पाहणाऱ्या मुलांवरच भर दिलेला आहे, आणि मला तो विचार पटतो. परंतु आमच्याकडे बाईंना सांगणारा मुलगा ‘चोंबडा’ ठरतो. चहाडी करणे आणि मदत मागणे यांतला फरक आपण मुलांना कोणत्या उपक्रमातून समजावला? १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे, पण त्याच्यासोबत डबा खाणारे एक मूल मला आधी वर्गातच हवे आहे.

दुसरे असे की, २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. आमच्याकडे ती कागदावरच आहे, आणि वरिष्ठांचे म्हणणे ‘मुलं आहेत, होतील सरळ’ एवढेच असते. घडलेल्या प्रसंगांच्या तारीखवार नोंदी मी ठेवू लागले आहे. त्या समितीपुढे कशा मांडाव्यात? सीबीएसईने २०१५ साली आपल्या शाळांना छळविरोधी समितीविषयी सूचना दिल्या होत्या. तेथील शिक्षकांचा अनुभव कळला तर फार उपयोग होईल.

येत्या शनिवारी पालकसभा आहे. त्या दोन मुलांच्या पालकांशी मी त्याआधी स्वतंत्रपणे बोलावे का? मुलाचे वडील परवा येऊन गेले. हात जोडून ते म्हणाले, ‘बाई, आपल्यावाणी बोलू नको म्हणून मीच सांगतो त्याला.’ मी नको म्हणाले, पण त्यापुढे मला बोलता आले नाही. शनिवारी ते पुन्हा येतील, तेव्हा त्यांना काय सांगावे, हेही कृपया सुचवावे.